चेहऱ्याचं पाणी

'आबरू' हा शब्द वर्गात आला की मी तो फोडून दाखवते. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. फारसीतून उर्दूत आलेला हा शब्द मराठीत 'अब्रू' झाला आणि त्याचं चेहऱ्याशी असलेलं नातं लोक विसरून गेले. मुलींना मात्र गंमत वाटते. मागच्या बाकावरून एखादी हमखास विचारते, "टीचर, क्रीम लगाने से आबरू बढ़ती क्या?" वर्ग हसतो. पूर्वी मीही हसायची. आता तेवढं हसू येत नाही.

माझं माहेर अमरावतीचं, नोकरी अकोल्याला. अमरावतीत माझी थोरली बहीण राहते, आम्ही तिला बाजी म्हणतो. वय ४६. मेहुणे गेल्यापासून शिलाईवर तिनं दोन मुलं वाढवली. मशीन खिडकीपाशी, कारण उजेड तिथेच. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि तिची खिडकी पश्चिमेची. इतक्या वर्षांचं ते ऊन तिच्या गालांवर वांग होऊन बसलंय. दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा पडल्यात. तिला वांगापेक्षा त्या रेघांचं दुःख जास्त. म्हणते, "मैं ग़ुस्से में नहीं रहती, फिर भी छोटा पूछता, अम्मी क्या हुआ?"

याच्यावर काही उपाय आहे का, असं तिनं एकदा नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईसमोर विचारलं. उत्तर आलं, "बेवा औरत को अब ये शौक़ कायको?" त्यानंतर बाजीनं कोणाला विचारलं नाही. गुपचूप मोहल्ल्यातल्या एका पार्लरवालीकडून पांढरी डबी आणली. ३०० रुपये. डबीवर कंपनीचं नाव नाही, तारीख नाही, काही नाही. देताना एवढंच सांगितलं होतं, की लावताना कानातलं, अंगठी काढून ठेवायची. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की शेजारणी डबी मागायला येऊ लागल्या.

मी तेव्हा अकोल्यात होते, आणि अकोल्यात राहणाऱ्या बाईला डबी म्हटली की एकच गोष्ट आठवते. २०२३ च्या सुरुवातीला ती वर्तमानपत्रांत आली होती. आपल्याच शहरातली बायोटेक्नॉलॉजीची एक विद्यार्थिनी, तिची आई आणि थोरली बहीण. मुलीनं ओळखीच्या ब्युटिशियनकडून गोरेपणाचं क्रीम आणलं, फरक दिसला म्हणून आई आणि बहिणीनंही लावलं. २०२२ मध्ये तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली. तपास मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेला, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. विज्ञान शिकलेली मुलगी होती ती. मला त्या बातमीतलं हेच सर्वात जास्त टोचलं.

पारा त्वचेतला काळा रंग बनू देत नाही, म्हणून चेहरा झटपट उजळतो. पण तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. मग पाय सुजतात, लघवीला फेस येतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनाही २०२१ ते २०२३ या काळात असेच रुग्ण सापडले, तिथेही धागा गोरेपणाच्या क्रीमपर्यंत गेला. आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त पारा असता कामा नये, आणि तोही चुकून आलेला. डोळ्यांच्या प्रसाधनांना तेवढी वेगळी मर्यादा आहे. पाऱ्याची क्रीमं सोन्या-चांदीला लागू देऊ नयेत, असा इशारा बऱ्याचदा दिलेला असतो. दागिना खराब होईल याची काळजी, गालाची नाही!

बाजीला मी त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन गेले. ती नक़ाब घालून, डबी पर्समध्ये, असं लपतछपत आली जणू आम्ही चोरी करायला निघालो होतो. डॉक्टरबाई चांगल्या निघाल्या. त्यांनी आधी डबी बंद करायला सांगितली आणि लघवीची तपासणी लिहून दिली. म्हणाल्या, नुसतं बघून आत काय आहे ते कळत नाही. पारा नसला तर स्टेरॉइड असेल. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा सरकारी आदेश २०१८ मध्येच निघालाय, पण डबीत कालवलेल्या मलमाची चिठ्ठी कोण मागणार?

मग त्यांनी बाजीचा चेहरा उजेडात नीट पाहिला. वांगासाठी आणि बारीक सुरकुत्यांसाठी दिवसा ऊन अडवणारं क्रीम, एस.पी.एफ. तीसच्या वरचं, घरात मशीनवर बसतानासुद्धा, कारण खिडकीच्या काचेतूनही ऊन आपलं काम करतं. रात्री 'अ' जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं औषधी मलम, ट्रेटिनॉइन, कणभर. फरक दिसायला महिने लागतात. ऑस्ट्रेलियात साडेचार वर्षं चाललेल्या एका अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा इतरांपेक्षा कमी म्हातारी झालेली आढळली, २०१३ मध्ये ते छापून आलं. लेझर आणि पीलच्या बाबतीत त्यांनी सबुरीनं घ्यायला सांगितलं. आपल्या सावळ्या कातडीवर ते जपून केलं नाही तर डाग जायच्याऐवजी वाढतात.

आणि त्या दोन उभ्या रेघा? डॉक्टरबाई सरळ म्हणाल्या, त्या क्रीमनं जाणार नाहीत. तिथला स्नायू सारखा आवळला जातो, त्याची घडी पडलीय. बोटॉक्सच्या सुईनं तो स्नायू सैल पडतो, रेघ मंदावते, पण तीन-चार महिन्यांनी पुन्हा पहिल्यासारखी. खर्च दहा हजार. बाजीला एका सलवार-कमीझच्या शिलाईचे अडीचशे मिळतात. जिना उतरताना ती म्हणाली, "चालीस जोड़े। और चार महीने में उतर जाएंगे।"

स्टाफरूममध्ये हा विषय निघाला तेव्हा दोन तट पडले. एक आपा म्हणाल्या, चेहऱ्यात सुया टोचून घेणं म्हणजे अल्लाहच्या बनावटीत दखल. दुसऱ्या म्हणाल्या, मग मोतीबिंदू का काढायचा? मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. पण शौक़ म्हणून हिणवणाऱ्यांना मला सांगायचंय की तुमच्या हिणवण्यानं एकही बाई आरसा बघायची थांबलेली नाही. ती फक्त डॉक्टरच्या दारातून मागे फिरते आणि बिननावाची डबी घेते. सुईला नाव असतं, बिल असतं, टोचणारा समोर असतो. सनस्क्रीनच्या ट्यूबवर बॅच नंबर असतो. डबीच्या मागे कोणीच नसतं.

बाजीचा रिपोर्ट अल्हम्दुलिल्लाह साफ आला. डबी सोडल्यावर मात्र चेहरा दीड महिना लालबुंद होता, आग व्हायची. शेजारणींना वाटलं, औषधानंच बिघडलं. एकीनं तर पुन्हा डबी लाव म्हणून सांगितलं. बाजी खंबीर राहिली. आता खिडकीला जाड पडदा लावलाय, मशीनवर ट्यूबलाइट. सुईचं तिनं नक्की केलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. एका डब्यात पैसे टाकते, ते कशासाठी हे मी विचारत नाही.

यंदा नववीच्या मुलींना मी सांगितलं, घरात चेहऱ्याला जे काही लावतात त्याच्या डब्या-ट्यूब बघा आणि पाच गोष्टी वहीत लिहून आणा: बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, आणि आत काय काय आहे. एक मुलगी कोरी वही घेऊन आली. मी रागावणार तेवढ्यात म्हणाली, "टीचर, उसपे कुछ लिखाच नहीं।" मग थांबून हळूच, "शिकायत कहाँ करते?"

मी फळ्यावर लिहिलं: अन्न व औषध प्रशासन, अकोला. तिनं ते उतरवून घेतलं आणि तास संपल्यावर, सगळ्या गेल्यावर, माझ्याजवळ येऊन विचारलं, अम्मीची लघवी तपासायची असेल तर सरकारी दवाखान्यात सकाळी किती वाजता जायचं.