निःशब्द वाहन

दोन वर्षांपूर्वीं आम्हीं पेट्रोल व वीज अशा दोन्ही शक्तींवर चालणारी हायब्रिड मोटार घेतली. या जातीची मोटार जपानांत १९९७ सालींच विक्रीस आली. आमच्या पुण्यांतल्या दारीं ती येण्यास मात्र बराच काळ जावा लागला. बोरघाट उतरतांना ब्रेक दाबावा, वाया जाणाऱ्या वेगाचीच वीज होऊन बॅटरींत सांठावी आणि पेठेंतल्या गर्दींत, इंजिन स्वस्थ असतां, त्याच विजेवर गाडी चालावी, हें कौतुक आम्ही येणाऱ्याजाणाऱ्यास ऐकवीत असूं. तिच्या नीरवतेचा तर आम्हांस विशेष अभिमान.

एके सकाळीं मोटार मागें घेत असतां, दारांत रांगोळी काढणाऱ्या आईपासून चाक वीतभर अंतरावर येऊन थांबलें. तिची दृष्टि अधू. जुन्या गाडीची घरघर हेच तिचे डोळे. ती एवढेंच म्हणाली, "अरे, तुझी गाडी येते हें मला कळावें तरी कसें?"

काटकसरीच्या भरांत आवाजाचें कामही आम्हीं काढून टाकलें होतें, हें आम्हांस तेव्हां उमजलें. आतां काच खालीं करून आम्ही हांक मारतों, "आई, गाडी काढतों आहें!" तिचा 'हो' कानीं पडल्यावांचून चाक हालत नाहीं.