डीपीवरच्या बाकीच्या मोटरी

शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट ठरायला लागले की आमच्या इलेक्ट्रिकलच्या वर्गात तेच चार-पाच विषय दरवर्षी नव्याने जन्म घेतात. स्मार्ट कचरापेटी, मोबाईलवरून लागणारे दिवे-पंखे, अंधार पडला की आपोआप उजळणारा रस्त्यावरचा खांब. आणि जळगाव-धुळ्याकडे हमखास असणारा विषय म्हणजे मातीतला ओलावा बघून सुरू-बंद होणारा पंप. तो सादर करायला फार सोपा. कुंडीत माती, मातीत सेन्सर, शेजारी आर्डुइनो आणि खेळण्यातली मोटर. परीक्षकांनी पेलाभर पाणी ओतलं की मोटर थांबते आणि मार्क पडतात.

मीही तिथूनच सुरुवात केली. फरक एवढाच की मी जळगावला शिकत असले तरी आमची शेती साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठाला आहे, त्यामुळे कुंडीतला सेन्सर शेतात नेऊन खुपसता आला. आमची जमीन काळी, भारी. ओल उतरली की ती आकसते, भेगाळते, आणि खुपसलेल्या सेन्सरपासून चक्क बाजूला होते. मध्ये हवा शिरते. सेन्सर म्हणतो, ‘कोरडं ठाक.’ वीतभर खाली मात्र मुठीत धरली तर माती गोळा होते. दोन पात्यांचा स्वस्त सेन्सर असेल तर आणखी एक तऱ्हा: त्यातून एकाच दिशेने वीज जात राहते, ओल्या मातीत विद्युत-अपघटन होतं आणि पाती कुरतडली जातात. कपॅसिटिव्ह सेन्सर त्या मानाने टिकतो, भेगेपुढे मात्र त्याचाही इलाज चालत नाही.

हे सगळं दुरुस्त करता येतं. सेन्सर खोल पुरायचा, दोन-तीन ठिकाणी पुरायचा, सरासरी काढायची. मी त्या नादात असताना बांधावरून जाणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, “हाई काय शे वं माय?” मी समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आनि लाईट नही ऱ्हायनी तं?”

प्रश्न तिथेच होता. आमच्याकडचा पंप मातीच्या तहानेवर चालत नाही, थ्री-फेजच्या वेळापत्रकावर चालतो. शेतीला वीज चक्राकार पद्धतीने मिळते: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्रीचे आठ-दहा तास. मधे फॉल्ट झाला की गेली. ती परत कधी येईल ते सांगता येत नाही. ज्याची मोटर शेतात आणि घर गावात, त्याने रात्री दोन वाजता लाईट आली म्हणून विंचूकाट्यातून बटण दाबायला जायचं का? या अडचणीतून आमच्याकडे घराघरात पोचलेलं यंत्र म्हणजे ‘ऑटो’. स्टार्टरला जोडलेली छोटी डबी. लाईट आली की ती स्टार्टर ओढते आणि मोटर चालू होते. माणूस घरी झोपलेला.

ठिबक नसतं तर या ऑटोला एवढा अर्थ आला नसता. पाटाने पाणी द्यायचं म्हणजे मोटर कुणीही चालू केली तरी बारं धरायला कुणीतरी फावडं घेऊन उभं राहायलाच हवं. ठिबकने तो माणूस मोकळा केला. इथे जळगावचा हातभार मोठा. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९७८ साली केळीची भुकटी करणारा एक आजारी कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पेपेन काढायला सुरुवात केली. केळीच्या यंत्रात पपई बघणं ही मला त्यांच्या सगळ्या उद्योगातली सर्वांत कल्पक गोष्ट वाटते, जरी ती कमी सांगितली जात असली तरी. पुढे पीव्हीसी पाइप आले आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ठिबक. ठिबकची मूळ कल्पना इस्रायलची. इथे ती रुजली ती शेत मोजणारी, आराखडा काढून देणारी, फिल्टर का तुंबला ते बघायला पुन्हा येणारी माणसं सोबत आली म्हणून. आज रावेर-यावलच्या केळीत लॅटरल नसलेलं शेत शोधावं लागतं.

ठिबक आणि ऑटो एकत्र आले आणि रात्रीची झोप परत मिळाली. घरच्या मोटरला ऑटो बसला तो काळ मला आठवतो. बाबा पहिल्यांदाच रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात मध्ये न उठता झोपले. मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या दुकानदारांनी या डब्या गावोगाव पोचवल्या, सुधारल्या, टू-फेजवर मोटर चालवायची कंडेन्सरची युक्तीही जोडली. याला ‘जुगाड’ म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द आवडत नाही. पाठ थोपटतानाच माणसाला खालच्या पायरीवर बसवणारा शब्द आहे तो. शेतात न जाता मोटर चालवायची हीच कल्पना पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाईल फोनला जोडली, तिचं ‘नॅनो गणेश’ झालं आणि जगभर कौतुक झालं. ते योग्यच आहे. पण रिवाइंडिंगवाल्या काकांचं डोकंही त्याच जातीचं.

आता गणित. आमच्या शिवारातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ६३ केव्हीएची. तिच्यातून बाहेर पडणारा पूर्ण भार साधारण ८५ अँपिअर. पाच एचपीची मोटर चालू असताना सात-साडेसात अँपिअर घेते. म्हणजे दहा मोटरी एकत्र चालल्या तर ७५, डीपी सुखात. पण इंडक्शन मोटर सुरू होताना चालू स्थितीच्या सहापट करंट ओढते. एक मोटर सुरू होताना हा झटका काही सेकंदांचा असतो, कुणाला कळतही नाही. दहाही मोटरींना ऑटो असेल तर लाईट आल्या क्षणी दहाही एकदम उठतात आणि चारशेच्या वर अँपिअर मागतात. व्होल्टेज कोसळतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे व्होल्टेज ७० टक्क्यांवर आलं तर जोर निम्माच उरतो. तेवढ्या जोरावर पाण्याचा भार उचलत नाही. मग एकही मोटर धड सुरू होत नाही. सगळ्या जागच्या जागी गुरगुरतात, करंट ओढत राहतात, वायंडिंग तापतं. फ्यूज उडतो. दोनदा उडाला की कुणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार बांधतो. त्यानंतर डीपीच जळते, आणि ऐन उन्हाळ्यात ऊस, केळी, मिरची सगळ्यांचीच वाळते. ‘ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा’ असं आवाहन महावितरण वर्षानुवर्षं करत आलं आहे. ते तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे. पण ऑटो काढणारा पहिला माणूस रात्री दोनला उठणार आणि न काढणारे झोपणार, मग पहिला कोण होईल?

एकट्यासाठी उत्तम असलेली युक्ती सगळ्यांनी केली की सगळ्यांना बुडवते, हे मला नियंत्रण प्रणालीच्या पुस्तकात कुठे सापडलं नाही. सापडलं ते आमच्याच नदीवर.

पांझरा, कान, बुराई आणि तिकडे नाशिक जिल्ह्यातल्या मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बुटका दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटावर भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ. थळाचे साधारण चार भाग, ते फड. एका फडात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात ज्वारीसारखं कमी पाण्याचं, एखादा पडीक, आणि दरवर्षी पाळी फिरायची. पाणी वरून खाली उताराने, ना इंजिन, ना मोटर.

यातली खरी करामत जमिनीच्या वाटणीत आहे. प्रत्येक कुटुंबाची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी. लहानपणी मला वाटायचं, आपली शेती अशी चार ठिकाणी विखुरलेली म्हणजे केवढा ताप. पाणी कमी असलं की पंच ठरवायचे, यंदा एक फड भिजणार नाही. मग त्या फडातला सगळ्यांचाच तुकडा कोरडा राहायचा आणि भिजणाऱ्या फडातला सगळ्यांचाच भिजायचा. टंचाई कुणा एकाच्या दारात जाऊन बसत नसे. दुसरी गोष्ट याहून चलाख: आपल्या शेताला आपण पाणी द्यायचंच नाही. पाटाचं पाणी सोडायला पाटकरी, शेतात फिरवायला बारेकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि त्यांचा मोबदला गावाने द्यायचा. मालक रात्री शेतात असायचं कारणच नाही, म्हणून चोरून दारं फोडायचंही कारण नाही. एका अर्थाने तोही ऑटोच. त्यात बसवलेला सुटा भाग माणूस होता, एवढाच फरक.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक धुळ्याजवळ पांझरेच्या पाटावर नळांचा सायफन बांधण्याचं होतं. पुढे त्यांनी नीरा कालव्यावर गटवार पाणी देण्याची ब्लॉक पद्धत आणली आणि खडकवासल्याला पाणी चढलं की आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. विशीतला हा इंजिनिअर पांझरेकाठी राहून फड न पाहता गेला असेल हे मला पटत नाही. पुरावा विचाराल तर माझ्याकडे नाही, पण ब्लॉक पद्धतीचं वर्णन वाचताना मला आमचा शिवार दिसतो. आमच्या अभ्यासक्रमात त्यांचे दरवाजे आहेत, त्यांच्या जन्मदिवशी अभियंता दिन आहे, फड मात्र कुठेच नाही.

फड फार आदर्श होता असंही मला म्हणायचं नाही. त्यात कुणाची जमीन होती आणि कुणाची नव्हती, पंच कोण व्हायचे, हे विचारलं की चित्र तितकं गोड राहत नाही. वर धरणं झाली, विहिरी खोल गेल्या, ज्याची मोटर त्याचं पाणी झालं, आणि बरेच फड मोडले. ते परत आणा म्हणणाऱ्यांनी आधी विहिरीवरची मोटर सोडून दाखवावी.

मग फडातली पाळी तेवढी उचलून मी सेन्सर बाजूला ठेवला आणि उशीर बनवला. ऑटोच्या आधी एक टायमर: लाईट आली की पहिल्या मोटरने दहा सेकंदांनी उठायचं, दुसरीने वीस, तिसरीने तीस. दहा मोटरी पावणेदोन मिनिटांत सुरू, एकावेळी एकच झटका. सर्किट दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही जमेल असं. मनात समाधान घेऊन गावात मांडायला गेले, तर पहिला प्रश्न: “मना नंबर कितवा?”

आठ तासांच्या पाण्यात दीड मिनिटाचा फरक म्हणजे काहीच नाही, हे सगळ्यांना कळत होतं. तरी शेवटचा नंबर कुणालाच नको होता. मी म्हटलं, डबीच ठरवेल, दरवेळी वेगळा नंबर, कुणाच्या हातात नाही. प्रोग्रॅमच्या दोन ओळींचं काम. ते तर अजिबातच चाललं नाही. डबीच्या आत काय ठरतं ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते कुणाच्या तरी बाजूने असतं, असा सरळ हिशेब. शेवटी तांब्यात चिठ्ठ्या टाकून पोराच्या हाताने काढायचं ठरलं, दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आखाजीला सालदाराचं साल ठरतं, लेकी माहेरी येतात, तसे मोटरींचे नंबरही बदलतील. नंबर डीपीच्या खांबावर ऑइल पेंटने लिहायचे. डब्यांचे नॉब फिरवून सील करायचं काम वायरमनच्या हाताखाली राबणाऱ्या एका पोराकडे दिलं, प्रत्येकाकडून वर्षाला थोडे पैसे. आजोबा म्हणाले, “हाऊ तं पाटकरीच व्हयना.”

हंगामभर डब्या चालल्या. दोघांनी मधेच काढून टाकल्या, एकाने परत लावली. डीपी जळली नाही, पण एका हंगामावरून निष्कर्ष काढणं शास्त्राला धरून नाही. उसाला ताण पडेल त्या उन्हाळ्यात चिठ्ठीचा मान राहील का, ते तेव्हाच कळेल.

एका स्पर्धेत परीक्षकांनी विचारलं, “यात नवीन काय? टायमर तर बाजारात मिळतो.” प्रश्न रास्त होता. टायमर बाजारात मिळतोच. मी खांबावरच्या नंबरांचा फोटो दाखवला. त्यांनी तो पाहिला आणि पुढच्या टेबलाकडे गेले. तिथे आवाजावर चालणारा पंखा होता, आणि खरं सांगायचं तर तो सुंदर बनवलेला होता.

राज्यपाल कार्यालयाने २००६ पासून सुरू केलेल्या ‘आविष्कार’सारख्या मंचांमुळे आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांतली मुलं आपलं काम घेऊन विद्यापीठापर्यंत पोचतात, ही मोठी गोष्ट आहे. म्हणूनच तिथे बसणाऱ्या सगळ्याच परीक्षकांना, आणि पुढच्या वर्षी विषय निवडणाऱ्या माझ्या मागच्या वर्गाला एक विनंती. शेतीचं कुठलंही यंत्र समोर आलं की ‘हे नवीन आहे का’ याच्या आधी एवढं विचारा: या डीपीवर आणखी किती मोटरी आहेत, आणि त्या सगळ्यांनी हेच बसवलं तर काय होईल?