गंधाराचे बटण

आमच्या घरात ‘इलेक्ट्रॉनिक’ हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. एखाद्या गोष्टीत जीव नाही असे म्हणायचे असले की अब्बा म्हणत, “इलेक्ट्रॉनिक है.” एका लग्नातल्या बिर्याणीबद्दलही ते असेच बोलले होते आणि अम्मीने त्यांना दस्तरखानावरच चिमटा काढला होता.

याला कारण होते. अब्बांनी मिरजेतल्या सतारीच्या कारखान्यात पस्तीस वर्षे जवारी काढली. मिरजेबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. तंबोऱ्याच्या तारा हाडाच्या घोडीवरून जातात. त्या घोडीचा माथा कानशीने अशा बेताने घासायचा की तार तिच्यावर नुसती टेकून राहू नये, थरथरताना पुन्हा पुन्हा तिला निसटता स्पर्श करीत राहावी. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा. केसभर पुढे, केसभर मागे. एका नेमक्या जागी आल्यावर कोरडा ‘टण’ उघडतो आणि त्यातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुंजारव बाहेर पडतो. ती जवारी. हे मोजायचे यंत्र कारखान्यात नव्हते. अब्बांचा कान होता आणि उजवा हात होता.

आमच्या गावात हे काम सुमारे १८५० पासून चालत आले आहे. फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. हत्यारांचे काम आटले तेव्हा ते वाद्ये दुरुस्त करू लागले आणि दुरुस्त करता करता बनवू लागले. पुढे घराण्याचे आडनावच सतारमेकर झाले. तलवारीवरचे हात तारेकडे वळले, हे मिरजेत अभिमानाने सांगितले जाते आणि तो अभिमान रास्तच आहे. पण इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी आली तेव्हा जवारी काढणाऱ्या हातांनी कुठे वळायचे, हे अब्बांना कोणी सांगितले नाही. पेटीमागून मोबाइलमधला तानपुरा आला. अब्बांचे आठवड्याचे सहा दिवसांचे काम चार दिवसांवर आले, मग तीनवर. ते तक्रार करीत नसत. फक्त दुकानात ती पेटी वाजताना दिसली की रस्ता ओलांडून पलीकडून जात.

मुलींना कारखान्यात नेण्याची रीत नव्हती. माझ्या भावाला नेले, पण लाकडाच्या भुशाने त्याला खोकला लागायचा आणि घोडी घासण्यापेक्षा टीव्हीवरचा व्हिडिओ गेम त्याला जास्त प्यारा होता. मला आत जायचे होते. मी दुपारचा डबा घेऊन जायची आणि उंबऱ्याशी उभी राहायची. अब्बा बाहेर येऊन डबा घेत. “पढो बेटा. ये हड्डी घिसने का काम तुम्हारा नहीं.” मी पढले. बी.एस्सी., बी.एड. करून उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले. मराठीत ज्याला रोध म्हणतात त्याला आमच्या पुस्तकात मुजाहमत म्हणतात. मुजाहमत म्हणजे विरोध करणे, आडवे येणेही. तो धडा घेताना वर्गातली एखादी मुलगी दरवर्षी हसतेच.

२०२१ च्या जानेवारीत अब्बांना लकवा झाला. बोलणे बरेचसे परत आले, उजवा हात आला नाही. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत दरवर्षी संगीतसभा होते. १९३७ साली खाँसाहेब गेले, त्यांची कबर दर्ग्याच्याच आवारात आहे. अब्बा या सभेला चुकत नसत. मागे बसायचे आणि गवयाकडे न बघता तंबोऱ्याकडे कान लावायचे. लकव्यानंतर त्यांनी जाणे सोडले. रिक्षा करून नेऊ म्हटले तर म्हणाले, “काय को? देखने?” माझे सासर दोनच गल्ल्या पलीकडे. शाळा सुटली की मी त्यांच्यापाशी जाऊन बसायची. आम्ही दोघे भिंतीकडे बघत चहा प्यायचो.

२०२३ च्या डिसेंबरात शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. विषय नेहमीचाच, टाकाऊपासून टिकाऊ. थर्मोकोलच्या ज्वालामुखीला मुली कंटाळल्या होत्या आणि खरे सांगायचे तर मीही. आठवीतल्या एकीने घरचा बंद पडलेला रेडिओ आणला. मला माळ्यावरचा भावाचा व्हिडिओ गेम आठवला. ध्वनीचा धडा नुकताच झाला होता. म्हटले, यातून बाजा करू.

गेमच्या डब्यातलाच आवाज वापरावा असे आधी वाटले होते. डबा उघडला तर पट्टीवर लाखेसारखा काळा थेंब आणि सगळी करामत त्याच्या खाली गाडलेली. तिथे आमचे काही चालेना. पण त्याचा रिमोट कामाचा निघाला. आम्ही त्याला रिमोटच म्हणायचो, त्याला वायर असली तरी. त्याला बटणे किती? डावीकडच्या फुलीची चार, मधली दोन लहान, उजवीकडची गोल दोन. आठ! मुलींनीच मोजली आणि मुलींनीच ओरडून सांगितले, सा ते सा. टर्बोची दोन जादा होती, ती आम्ही सोडून दिली.

स्वर काढायला ५५५ नावाची चिप घेतली. हान्स कामेनझिंड या अभियंत्याने १९७१ मध्ये तिचा आराखडा केला, १९७२ मध्ये ती बाजारात आली आणि आजही चहाच्या किमतीत मिळते. तिला एक धारित्र आणि रोध जोडला की ती ठरावीक गतीने चालू-बंद होत राहते. रोध कमी केला की गती वाढते, स्वर चढतो. प्रत्येक बटणामागे एक प्रीसेट, म्हणजे स्क्रूने फिरवायचा रोध, बसवला. सा काळी एकवर धरला, सेकंदाला २७७ कंपने. पंचम त्याच्या दीडपट, गंधार सव्वापट. मुलींनी हे त्रैराशिक कुरकुर न करता सोडवले, एरवी गणिताच्या तासाला त्यांची पोटे दुखतात. रेडिओचा स्पीकर, एलएम ३८६ हा लहान अॅम्प्लिफायर आणि ९ व्होल्टचा सेल. डाळिंबाच्या खोक्यात सगळे बसले. दोन बटणे एकदम दाबली तर मात्र दोन स्वर वाजत नसत. दोन रोध समांतर होऊन एकूण रोध उतरे आणि तिसरेच काहीतरी किंचाळे. मुलींना तेच सर्वांत जास्त आवडले.

प्रदर्शनात नंबर आला नाही. परीक्षकांनी विचारले, याचा समाजाला उपयोग काय? आमची मुलगी म्हणाली, “सर, खेळून कंटाळा आला की वाजवता येतो.” एका पालकांनी शाळेत बाजा कशाला म्हणून विचारले. मोठ्या बाईंनी त्यांना ध्वनीचा धडा उघडून दाखवला आणि तो विषय तिथेच संपला.

खोके मी अब्बांकडे घेऊन गेले. का नेले ते आजही नीट सांगता येत नाही. ज्या वस्तूने त्यांचे काम गेले तिचीच बहीण मी त्यांच्या खाटेवर ठेवत होते. मुलींनी बसवलेली सरगम मी वाजवली. अब्बांनी डोळे मिटून ऐकले.

“सुर में है,” म्हणाले. मग थोड्या वेळाने, “चपटा है. जवारी नहीं.”

मी विज्ञानाची बाई. ५५५ चा आवाज चौकोनी तरंगाचा असतो, त्यात मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे विषमच उपस्वर ठळक असतात आणि ते सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत जसेच्या तसे राहतात; तंबोऱ्याचे मात्र क्षणाक्षणाला बदलत जातात, असे बरेच काही सांगितले. अब्बांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “हौ. वहीच बोला मैं. चपटा है.”

पण त्यांचा डावा अंगठा फुलीवर गेला होता. हे माझ्या ध्यानात आले नव्हते. रिमोटची फुली डाव्या अंगठ्यासाठीच असते. डावीकडे सा, वर रे, उजवीकडे ग, खाली म. अर्धे सप्तक त्यांच्या चालत्या हाताखाली होते. त्यांनी सा दाबला, रे दाबला, ग दाबला आणि थांबले. पुन्हा ग. पुन्हा ग.

तो गंधार बिघडलेला होता, मला ठाऊक होते. मारिओ कायम उजवीकडेच धावतो. भावाने त्याला पाच-सहा वर्षे धाववले होते, त्यामुळे उजव्या बाजूच्या रबराखालचा काळा कार्बन झिजला होता. उडीच्या बटणाचीही तीच गत होती, तिथे मी चॉकलेटचा चंदेरी कागद चिकटवून काम भागवले होते. गंधाराला कागद लावायचा राहिला होता. झिजलेला कार्बन स्वतःच रोध बनतो. हलके दाबले तर जास्त, जोराने दाबले तर कमी. आमच्या हिशेबात एक किलोओहमचा फरक म्हणजे अर्ध्या स्वराला थोडा कमी. त्यामुळे ते बटण दाबताना गंधार खालून घसटत वर चढायचा.

“कल ठीक करती हूँ अब्बा, कागज़ लगाना है.”

“हात नक्को लगा उस को,” अब्बा म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. “इस में मींड है.”

मग त्यांनी खाटेखालचा तंबोरा काढायला लावला. भोपळ्याला तडा गेलेला, गिऱ्हाइकाने परत न नेलेला. हिशेब चुकता करताना कारखान्याने तो अब्बांना दिला होता. मी स्पीकर खोक्यातून काढला आणि तंबोऱ्याच्या तबलीवर पालथा घालून स्क्रूने आवळला. पहिला स्क्रू लाकडात शिरला तेव्हा अब्बांनी तोंड फिरवले. “तबली में स्क्रू. या अल्लाह.” पण थांब म्हणाले नाहीत. तारा नव्या आणल्या, खुंट्या मी फिरवल्या, चढ-उतार त्यांनी सांगितला. अम्मी दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, “दोनों पागल हो गये.”

आता बटण दाबले की स्पीकर तबलीला हलवी, तबली घोडीला, घोडी तारांना. सा दाबला की जोडाच्या तारा आपोआप गुणगुणत. हे मला अपेक्षितच होते, अनुनादाचा प्रयोग मी दरवर्षी करून दाखवते. मग अब्बांनी गंधार दाबला. हलके दाबला तेव्हा नुसता तो चपटा, नाकातला आवाज. अंगठा हळूहळू रुतत गेला, स्वर सरकत वर आला आणि एका जागी खर्जाची जाड तार, जिला कोणी हात लावला नव्हता, बोलू लागली. अंगठा किंचित जास्त दाबला की गप्प. किंचित सोडला की पुन्हा तीच.

याचाही हिशेब आहे. आमचा खर्ज सेकंदाला सुमारे ६९ कंपनांचा. त्याची पाचपट ३४६. आमच्या बटणाचा शुद्ध गंधारही तेवढाच. चांगल्या मिळवलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार ऐकू येतो, असे गवई म्हणतात तो हाच. तो तारेत असतोच, बाहेरून नेमका तेवढाच स्वर आला की जागा होतो. सगळी बटणे ठीक असती तर प्रीसेट फिरवून मी गंधार साधारण जुळवला असता आणि साधारण जुळलेल्या स्वराला ती तार उठली नसती. झिजलेल्या बटणामुळे अब्बांना तो अंगठ्याने शोधता आला. हे मी कागदावर मांडून त्यांना दाखवले. त्यांनी कागद बघितला नाही. ते बराच वेळ एकच बटण दाबत बसले. मी स्वयंपाकघरात गेले, कारण मला रडू येत होते आणि ते त्यांना दिसू द्यायचे नव्हते.

जवारी मात्र बसली नव्हती. घोडी जुनी, तारांनी तिच्यावर खाचा पाडलेल्या. दुसऱ्या दिवशी रविवार होता. अब्बांनी अम्मीकडून त्यांची कानशीची पिशवी मागून घेतली. घोडी डाव्या हाताने फळीवर दाबून धरली आणि कानस माझ्याकडे सरकवली. मी कानशीकडे बघत राहिले.

“मेरे से बिगड़ेगी.”

“बिगड़ी तो दूसरी है. हल्लू घिस, बेटा. हड्डी है, दूधी नहीं.”

पहिली बिघडलीच. दुसरीही फारशी चांगली झाली नाही. तिसरी त्यांनी तारेखाली बसवायला लावली, दोरा सरकवायला लावला आणि म्हणाले, “चलेगा.” या एका शब्दासाठी कारखान्यातली पोरे वर्षभर घासायची, असे भावाने मला नंतर सांगितले. ते खरे की बहिणीला बरे वाटावे म्हणून, कोण जाणे.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मी बातमी अब्बांना वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग विचारले, “उस में हमारा वो वाला आता क्या?” आणि इतके हसले की ठसका लागला.

अलीकडे संध्याकाळी मी गेले की ते फुली सांभाळतात आणि उरलेली चार बटणे माझ्याकडे असतात. पंचमाच्या वर जायचे असले की ते माझ्याकडे बघतात. मी बहुतेक वेळा उशिरा दाबते आणि बोलणी खाते. ९ व्होल्टचा सेल महिन्याला दोन लागतात. सेल उतरला की आवाज बारीक होतो, आणि मला वाटते आता तरी थांबावे, वह्या तपासायच्या राहिल्या आहेत. काल मी तसे म्हणून चप्पल घालू लागले, तर आतून हाक आली, “जाती कहाँ? खर्ज उतर गया है. पहले वो चढ़ा.”