परतीचे पान

प्रवासापेक्षा प्रवासाचा बेतच अधिक गोड, असे म्हणतात. माझा भाचा गेला महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून बसला आहे. त्यामुळे या गोडीचा वाटा घरातल्या सर्वांना मिळतो, आणि आम्ही पाटावर बसून जेवतो.

स्वारी निघायची आहे येत्या जूनमध्ये, जावा बेटाच्या आग्नेय टोकाला, प्लेंगकुंगच्या किनाऱ्यावर. तेथे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार व्हायचे! किनाऱ्यामागे आलास पुर्वो नावाचे घनदाट अरण्य आहे. आलास म्हणजे वन, आणि पुर्वो म्हणजे चक्क आपले 'पूर्व'. त्या आदिवनात बिबटे आहेत, रानबैल आहेत, मोर आहेत. १९७२ साली बॉब लॅव्हर्टी नावाच्या तरुणाला विमानातून ही लाट दिसली, अशी कथा सांगतात. त्याच वर्षी तो मित्राबरोबर तेथे पोहोचला. आता बालीहून वेगवान होडीने दोनेक तासांत जाता येते.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. आग्नेय व्यापारी वारे वीस वर्षे फळ्यावर बाणांनी काढत आलो. ते कोणाच्या फळीच्या उपयोगी पडतील असे कधी मनात आले नव्हते. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस धरतो, तेव्हा दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. चाळीस अक्षांशांच्या पलीकडे वादळे उठतात. त्यांच्या लाटा मोकळ्या समुद्रातून हजारो मैल चालत येतात आणि प्लेंगकुंगच्या उथळ प्रवाळखडकावर फुटतात. समोरून जमिनीवरचा वारा त्यांना थोपवून धरतो, म्हणून त्या सुबक उभ्या राहतात.

भाच्याची यादी मोठी चोख होती. दोन फळ्या, मच्छरदाणी, प्रवाळाने कापल्यावर लावायचे औषध, विमा, भरती-ओहोटीचे तक्ते. फळी चालवायला तो कर्नाटकात मुलकीच्या किनाऱ्यावर शिकला. पण तिथे पायाखाली वाळू होती.

रविवारी ताई आली. चष्मा लावून तिने यादी दोनदा वाचली.

"यात घरी येण्याचे काही दिसत नाही."

"आई, परतीचे तिकीट आहे की!"

"तिकीट नव्हे रे. पाण्यात कधी उतरायचे नाही, ते कुठे लिहिलेस?"

तो हसला. मग मी त्याला ३ जून १९९४ ची रात्र सांगितली. समुद्राच्या तळाशी भूकंप झाला आणि पूर्व जावाच्या दक्षिण किनाऱ्यावर त्सुनामी आली. दोनशेहून अधिक माणसे गेली, आणि प्लेंगकुंगच्या मुक्कामावरही ते पाणी झोपेत चालून आले. ही लाट वाऱ्याची नव्हे, की तिच्यावर कोणी स्वार व्हावे.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने कोरे पान घेतले. ओहोटीला खडक उघडा पडला तर उतरायचे नाही. एकट्याने उतरायचे नाही. ताप आला किंवा जखम चिघळली तर पहिल्या होडीने परत. जमीन हलली तर फळी टाकून उंचावर पळायचे.

ताईने ते वाचले आणि म्हणाली, "पाचवे लिही. बरोबरचे हसले तरी."

कादंबरी लिहिताना शेवट आधी ठरलेला असला म्हणजे मला बरे वाटते. पण ज्याच्या हातात शेवट नाही, त्याने निदान मागे फिरण्याची जागा ठरवून ठेवावी, हे मला त्या दुपारी कळले. हौसेला 'नाही' म्हणायची वेळ ऐन लाटेसमोर आली तर माणूस ते म्हणत नाही; ते घरी, शांतपणे, शाईने लिहून ठेवावे लागते.

ताईने 'जा' असे अजून तोंडाने म्हटलेले नाही. परवा मात्र तिने मला विचारले, "तिकडच्या दमट हवेत मेतकूट किती दिवस टिकेल रे?"