नांदेडची भाड्याची खोली

गेल्या पावसाळ्यात आम्ही नवरा-बायको नांदेडला ताई-दाजींकडे मुक्कामाला गेलो होतो. एके काळी उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर इथल्या कामगारांची सकाळ होई. मिल बंद पडून वर्षे झाली. तिच्यासाठी खेड्यापाड्यांतून आलेली माणसे इथेच राहिली, पुष्कळशी भाड्याच्या खोल्यांत. दाजींचे वडील त्यांतलेच.

आम्ही पोचलो तेव्हा ताई शेजारच्या गल्लीतून घागरी आणत होती. म्हणाली, "मालकानं भाडं एकदम दुप्पट मागितलं. ह्यांनी नाही म्हटलं, तर आठ दिवस झाले आमचं पाणी तोडलंय. दुसरी खोली बघावी तर आधी आडनाव विचारतात, मग म्हणतात, कालच गेली."

रात्री पत्र्याची पेटी उघडली. वडिलांच्या वेळच्या पावत्या निघाल्या. दाजींच्या नावाची एकही नाही. "ओळखीचा मालक, पावती कशी मागायची?" दाजी म्हणाले. आपली माणसे फसतात ती इथेच.

सकाळी वकिलांकडे गेलो. त्यांनी सांगितले ते सर्वांच्या कामाचे आहे. मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद राज्याचा 1954 चा भाडेकायदा होता. 31 मार्च 2000 पासून त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आला. त्याप्रमाणे मालकाला भाडे वर्षाला 4 टक्के वाढवता येते. सुधारणा किंवा करवाढ असेल तर वेगळी वाढ. भाडे थकले तरी लेखी नोटीस देऊन 90 दिवस थांबल्याशिवाय त्यासाठी दावा लावता येत नाही. पाणी, वीज तोडणे गुन्हा आहे. कोर्ट ते पुन्हा चालू करायला लावते. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारीही त्याचीच. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाचा हक्क राहतो.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. हल्ली 11 महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार करतात. त्यात आपण भाडेकरू ठरत नाही. मुदत संपली की खोली सोडावी लागते. म्हणून सही करण्याआधी कागद शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या.

वडिलांच्या पावत्या जोडून वकिलांनी नोटीस पाठवली. चौथ्या दिवशी ताईच्या मोरीत पाणी आले. दाजींनी जुन्या भाड्यात 4 टक्के वाढ धरून रक्कम बँकेतून पाठवली, म्हणजे नोंद राहिली. मालक अजून कुरकुरतो, पण खोली गेली नाही.

बंधू-भगिनींनो, दर महिन्याला पावती मागा. मालक देत नसेल तर भाडे रोख देऊ नका, बँकेतून किंवा मोबाइलवरून द्या. पावती मागण्यात कसली लाज? ती पेटीत जपून ठेवा. दाजींच्या घराला वडिलांनी जपलेल्या पावत्यांनीच वाचवले.