शुद्धी झाली, पुढे काय?

"आयुर्वेदाला साइड इफेक्ट नसतात" हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याचा पुरावा मागायच्या भानगडीत कुणी पडत नाही. गंमत म्हणजे खुद्द आयुर्वेदालाच हे मान्य नाही! चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात वमन-विरेचन नीट झालं नाही तर काय काय बिघडतं, यावर अख्खा अध्याय आहे. त्यात दहा व्यापदा दिल्या आहेत: पोट फुगणं, कातरल्यासारखं दुखणं, अंग धरणं, छाती धरणं, गळून जाणं वगैरे. सुश्रुत तर पंधरा मोजतो. म्हणजे कित्येक शतकांपूर्वी त्या लोकांनी 'नोन इश्यूज'ची यादी रीतसर लिहून ठेवली आहे. हल्लीच्या रंगीत ब्रोशरमध्ये तेवढी छापायची राहते.

मला हे वाचून नाही, पोटातून कळलं. तर झालं असं...

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याजवळच्या एका केंद्रात (नावाला महत्त्व नाही) मी पाच दिवसांचं पंचकर्म पॅकेज घेतलं. खास आयटीवाल्यांसाठी बेतलेलं, बुधवार ते रविवार, म्हणजे रजा फक्त तीन! तीन दिवस सकाळी उठून औषधी तूप प्यायचं, मग अंगाला तेल, मग वाफ. शनिवारी विरेचन, म्हणजे साध्या मराठीत जुलाब. मी आपला सवयीने आकडा मोजत होतो. बावीस. रविवारी दुपारी निरोपाचं जेवण: पनीर, पुलाव, गुलाबजाम. सोमवारी हिंजवडी.

मंगळवारी स्टँडअप मीटिंगला उभं राहवेना. डोळ्यांपुढे अंधारी, पोटऱ्यांत गोळे आणि दोन घास खाल्ले की पोट ढोलासारखं. रात्री पडल्या पडल्या छातीत धडधड सुरू झाली तेव्हा मात्र टरकली. केंद्राला फोन केला. उत्तर आलं, "टॉक्सिन्स बाहेर पडतायत सर, चांगलं लक्षण आहे." बरं वाटलं तर उपचाराचा गुण, वाईट वाटलं तर टॉक्सिन्सचा प्रताप! जी टेस्ट केस फेल होऊच शकत नाही, ती टेस्टच नव्हे, हे आमच्या धंद्यात फ्रेशरलाही कळतं.

बुधवारी डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं. पोटॅशियम ३.१ निघालं. असायला हवं ३.५ ते ५. जुलाबातून नुसतं पाणी जात नाही, सोडियम आणि पोटॅशियमही जातं. पोटॅशियम उतरलं की स्नायू ढिले पडतात, त्यात आतड्याचे स्नायूही आले, म्हणून पोट फुगतं. हृदयही स्नायूच, म्हणून धडधड. ते फारच उतरलं तर ठोक्यांची लय बिघडून जिवावर बेतू शकतं. ओआरएस, पोटॅशियमचं सिरप आणि आठवडाभर विश्रांती असं लिहून मिळालं. मी लॅपटॉप कपाटात टाकला आणि गावाकडे निघालो.

गाव काटेवाडी. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला. तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, ते हे गाव. जानेवारीत मात्र रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या आणि शेतात हुरडा. काकीने बघितल्या बघितल्या विचारलं, "आरं, पैसं दिऊन आजारी पडायला गेलतास व्हय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तात्यांनी (माझे चुलते) दुसऱ्या दिवशी बारामतीला त्यांच्या ओळखीच्या एका वैद्यांकडे नेलं. मी रिपोर्ट पुढे केला, त्यांनी तो नीट वाचला. डॉक्टरांचं औषध बंद करायचं नाही, हे पहिलं सांगितलं. मग विचारलं, "वेग किती झाले?" बावीस म्हटल्यावर हसले. "मोजलेत, हे बरं केलंत. ही मध्यम शुद्धी. मग संसर्जन किती दिवस केलं?"

हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो!

तर मंडळी, या लेखातला कामाचा भाग हा आहे. पंचकर्मात आधी पूर्वकर्म, मग प्रधानकर्म आणि शेवटी पश्चात्कर्म. शुद्धीनंतर जठराग्नी मंद झालेला असतो, त्याला पायरीपायरीने पूर्ववत आणायचं, तो हा संसर्जनक्रम. आधी पेया (पातळ पेज), मग विलेपी (दाट पेज), मग कढण, शेवटी मांसरस. शुद्धी मोठी असेल तर प्रत्येक पायरीला तीन जेवणं, मध्यम असेल तर दोन, कमी असेल तर एक. म्हणजे माझी आठ जेवणं, सुमारे चार दिवस. चरकाने उपमा दिलीय विस्तवाची: ठिणगीला आधी गवत घालायचं, मग शेणी, मग ती मोठी होते. एकदम ओंडका टाकला तर विझते. आम्हीही रिस्टार्ट केलेल्या सर्व्हरवर सगळा ट्रॅफिक एकदम सोडत नाही, कॅश भरेपर्यंत थोडा थोडा सोडतो. माझ्या ठिणगीवर पडला होता पनीरचा ओंडका.

घरी येऊन काकीला ही नावं वाचून दाखवली. पेया, विलेपी ऐकून तिने कपाळाला आठ्या घातल्या. अर्थ सांगितल्यावर म्हणाली, "म्हंजी बाळंतिणीला न् तापातनं उठलेल्याला देत्यात तेच की!" आणि खरंच, तिच्या चुलीवर सगळा क्रम आधीपासून होता. पातळ पेज, मऊ भात, मुगाचं कढण आणि शेवटी अळणी, म्हणजे मटणाचं तिखट न घातलेलं पाणी. ग्रंथातला मांसरस आमच्याकडे दर रविवारी लहान पोरांना वाटीतून पाजतात!

पेजेत चिमूटभर मीठ असतं, त्यालाही कारण आहे. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि पाण्याला बरोबर ओढून नेतात. ओआरएस याच तत्त्वावर चालतं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना तेच पाजून असंख्य जीव वाचवले. तांदळाच्या पिठुळात तेच ग्लुकोज असतं. म्हणजे डॉक्टर, वैद्य आणि काकी या तिघांचं माझ्या बाबतीत एकमत होतं. (आमच्या घरात हे दुर्मिळ आहे.)

आता खरी काळजीची गोष्ट. माझं ऐकून तात्यांनीही त्याच केंद्रात फेब्रुवारीचं बुकिंग केलं होतं, आगाऊ पैसे भरून. गुडघे दुखतात म्हणून. वय ६४, बीपीची गोळी, शुगरची गोळी. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध, जे मुळातच पोटॅशियम कमी करू शकतं. वर बावीस जुलाब झाले असते तर? आणि पेजेवर असताना शुगरची नेहमीची गोळी घेतली असती तर? केंद्राच्या फॉर्ममध्ये व्हेज की नॉनव्हेज विचारलं होतं, पिकअप कुठून तेही विचारलं होतं. गोळ्यांचा रकाना नव्हता.

वैद्यांनी तात्यांना स्पष्ट सांगितलं, तुम्हाला विरेचन नको, गोळ्यांची यादी घेऊन आधी डॉक्टरांना भेटा. गुडघ्यांना तेल आणि शेक दिला. आगाऊ पैसे बुडाले. तात्या म्हणाले, "बुडूं द्या. माणूस बुडण्यापरीस बरं."

मी पंचकर्माच्या विरोधात नाही. माझ्यावर गेले ते पंचकर्म नव्हतंच, त्याचा मधला तुकडा होता. तेव्हा कुणी पॅकेज दाखवलं तर एवढं विचारा: आधी बीपी, शुगर, रक्त तपासणार का? चालू गोळ्यांचं काय करायचं, हे कोण ठरवणार? शुद्धीनंतरचे दिवस पॅकेजमध्ये आहेत का, आणि त्या दिवसांत जेवायला काय? नंतर चक्कर, गोळे किंवा धडधड झाली तर "चांगलं लक्षण" ऐकत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवायची सरकारी व्यवस्थाही आहे. तिचं राष्ट्रीय समन्वय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. नोंद झाली तरच यादी पुढे वाढेल.

असो. आठवड्याने पोटॅशियम ३.९ आलं. काकीने परवानगी दिली आणि हुरडा संपायच्या आत दोन मुठी खायला मिळाला, शेंगदाण्याच्या चटणीसकट.