दूरदेशाहून भातकुलीस

अमरावतीच्या पश्चिमेस सुमारें पांच कोसांवर भातकुली हें आमचें गांव. श्रीकृष्णाकडून पराभव पावल्यावर रुक्मिणीचा बंधु रुक्मी हा प्रतिज्ञाभंगाच्या लज्जेनें कुंडिनपुरास परतला नाहीं. त्यानें भोजकट नांवाचें नवें नगर वसविलें, अशी कथा भागवताच्या दशम स्कंधांत आहे. तें भोजकट म्हणजेच आमची भातकुली, असें येथील परंपरा सांगते. घरीं परत न जाणाऱ्याच्या नांवाशीं जोडलेल्या या गांवांत आतां कांहीं घरीं परतणाऱ्यांची वाट पाहिली जाते. कोणाचा मुलगा न्यूयॉर्कास, कोणाची लेक लंडनास. वर्ष-दोन वर्षांनीं पंधरा दिवसांची रजा काढून तीं मुलें येतात. घर आनंदानें भरून जातें. परंतु पहिल्या चार दिवसांतच त्या आनंदास कोठें तरी गालबोट लागतें.

तें कसें, तें सांगतों. दुपारीं बारास पानें मांडलेलीं असतात आणि सूनबाई गाढ झोपेंत असते. रात्रीं दोनच्या सुमारास स्वयंपाकघरांत दिवा दिसतो, नातवंडें खावयास मागत असतात. सासूबाई तोंडानें कांहीं बोलत नाहींत. पण ‘तिकडे राहून पोरगी सुखावली’ असें मनांत येतेंच. सुनेसही तें कळतें. यांत दोष कोणाचाच नसतो. हिवाळ्यांत भातकुलीस दुपारचे बारा वाजतात, तेव्हां न्यूयॉर्कास मध्यरात्रीचा दीड झालेला असतो. आणि येथें रात्रीचे दोन, तेव्हां तेथें आदल्या दिवसाचे दुपारचे साडेतीन. सूनबाईचें शरीर येथें पोंचलें, तिच्या शरीरांतील घड्याळ मात्र अद्याप तेथेंच आहे.

पूर्वीं ही अडचण नव्हती. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कास उतरल्या. जहाज दररोज थोडेंसेंच अंतर तोडी, त्यामुळें प्रवाशाचें शरीरही दररोज थोडें थोडें वळत जाई. ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून लंडनास निघालेलें एअर इंडियाचें पहिलें विमानही कैरो व जिनीव्हा असे मुक्काम करीत गेलें. आतांचें विमान अर्धी पृथ्वी एका दिवसाच्या आंत ओलांडतें. १६ एप्रिल २०२५ रोजीं अमरावतीनजीक बेलोरा येथून मुंबईची विमानसेवा सुरू झाल्यावर शेवटचा टप्पाही आखुडला. वाट आखुडली, पण शरीराची चाल पूर्वींचीच राहिली.

या चालीचें कारण असें. मेंदूंत दृष्टीच्या मज्जातंतूंजवळ एक सूक्ष्म केंद्र आहे. झोप, भूक, शरीराची उष्णता व अनेक रसांचे स्राव यांचा दिनक्रम तें चालवितें. पेशींतील अशा घड्याळाची घडण उलगडल्याबद्दल २०१७ सालीं हॉल, रॉसबाश व यंग या तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळालें. हें घड्याळ चोवीस तासांहून किंचित् अधिक लांब दिवस मोजतें. म्हणून पश्चिमेस जातांना दिवस लांबला तर त्यास सोसतें. पूर्वेस येतांना दिवस आखुडतो, तें त्यास जड जातें. वेळेच्या अंतरांतील एका तासास साधारणतः एक दिवस, असा सावरण्याचा ढोबळ हिशेब आहे.

येथें एक भेद लक्षांत घ्यावयास हवा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत ग्रीष्माखेरीज इतर ऋतूंत दिवसा झोपणें अहितकर मानलें आहे. तथापि वाटचालीनें श्रमलेल्यास त्यांतून सूट दिली आहे. तो प्रवासी पायीं चालून थकलेला असे. त्याचा सूर्य त्याच्याबरोबरच चालत असे. विमानानें आलेल्यास दोन व्याधि एकदम जडतात : एक श्रम आणि दुसरा कालभ्रंश. श्रम झोपेनें जातो. कालभ्रंश दिवसाच्या लांब झोपेनें उलट वाढतो. त्यावर औषध सूर्यप्रकाश व घराचा ठराविक दिनक्रम हेंच.

तेव्हां पाहुण्यास दुपारीं तीनच्या आंत वीस-तीस मिनिटें वामकुक्षी करूं द्यावी, मग प्रेमानें उठवावें. दिवसा त्यानें ओसरीवर उजेडांत बसावें, आदिनाथांच्या जैन मंदिराकडे फेरी मारावी, शेतावर जाऊन तूर-कपाशी पाहावी. लंडनहून आलेल्यानें मात्र पहिले दोन-तीन दिवस उन्हासाठीं पहाटेस उठण्याची घाई करूं नये. लंडनची पहाट येथें साडेनऊ-दहास होते. त्यापूर्वींचा प्रखर प्रकाश घड्याळ पुढें नेण्याऐवजीं मागें ढकलूं शकतो. साडेदहानंतरचें ऊन त्यास हितकर, पुढें रोज तासभर आधीं. अमेरिकेहून आलेल्याचें घड्याळ दोन्ही दिशांनीं वळूं शकतें. त्यानें दिवसा उजेड व रात्रीं अंधार एवढा साधा नियम पाळावा. वैशाखांत आमच्याकडचें ऊन जिवावर बेतणारें असतें. तेव्हां दुपारीं ओसरीचा उजेडच पुरे.

रात्रीं दोनला जाग आली तर मोठे दिवे लावूं नयेत व हातांत मोबाईल घेऊं नये. देवघरांतील नंदादीपाचा उजेड पुरेसा आहे. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. मेलॅटोनिनच्या गोळ्या वैद्याच्या सल्ल्यानेंच घ्याव्या. आणि भाकरतुकडा ओवाळून घरांत घेतल्यावर त्याच दिवशीं पुरणपोळीचा आग्रह धरूं नये. पचनाचेंही घड्याळ असतें. पहिले दोन दिवस मुगाची खिचडी, वरणभात व ताजें ताक उत्तम. सत्यनारायण व गोतावळ्याच्या भेटी चौथ्या-पांचव्या दिवसानंतर ठेवाव्या.

पाण्याविषयीं आम्हां लोकांस विशेष जपावें लागतें. आमचा तालुका पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत येतो. येथील विहिरींचें पाणी खारट. उकळल्यानें जंतु मरतात, परंतु क्षार जात नाहींत. पाणी आटलें कीं त्यांचें प्रमाण वाढतेंच. म्हणून लहान मुलांस नळाचें गोडें पाणी उकळून, गार करून द्यावें.

लेकीच्या बाळंतपणासाठीं तिकडे जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनींही कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. चार तासांहून अधिक काळ एका जागीं बसल्यास पायांत रक्त गोठण्याचा संभव वाढतो. यास्तव विमानांत मधून मधून उठावें, पोटऱ्या हलवाव्या, पाणी प्यावें. उतरल्यावर एकच पाय सुजला, छातींत दुखलें किंवा धाप लागली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून स्वस्थ न बसतां तत्काळ रुग्णालय गांठावें. मधुमेहाच्या रोग्यानें इन्सुलिनच्या वेळा निघण्यापूर्वींच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्या.

प्रस्तुत लेखकाचीं पस्तीस वर्षें शाळेच्या घंटेवर गेलीं. एका घंटेनें सारी शाळा कशी वळते, हें त्यानें पाहिलें आहे. एकत्र कुटुंबांतही सकाळची पूजा, ठरल्या वेळचें जेवण व सांजवात या घंटाच होत. परक्या शहरांत एकट्या उतरलेल्या माणसास अशी घंटा कोणी वाजवीत नाहीं. आमच्या घरांत ती न सांगतां वाजते. ती पाहुण्यासाठीं दोन दिवस थांबवूं नये, आणि त्यास ती लगेच ऐकूं आली नाहीं म्हणून रागावूंही नये. पंधरा दिवसांची भेट ती केवढी! त्यांतले सात दिवस वांचले, तर पंचाऐंशी वर्षांच्या आजीच्या हिशेबीं तें लहान धन नव्हे.